एंटर दाबायच्या आधी

चि. बाळास, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला. "मॅडम, माझे सगळे प्रोग्राम चालतात, पण मला काहीच येत नाही." फर्स्ट इयरला इतकं खरं बोलणारी पोरं कमी. बहुतेकांचं उलटं असतं, चालत काही नाही आणि येतं सगळं. म्हणून फोनवर अंगठा दाखवून मोकळी न होता सविस्तर लिहायला बसलेय.

धीर देत बसणार नाही. तासगावहून रोज एसटीनं ये-जा करून शिकणाऱ्या पोरीला जिद्द शिकवणारी मी कोण? 'होईल गं सगळं नीट' हे घरचे म्हणतीलच. मी एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती इतक्यांदा सांगणार आहे की तुला वीट येईल. एंटर दाबायच्या आधी उत्तर कागदावर लिही. प्रोग्राम तू लिहिलायस, मैत्रिणीकडून उतरवलायस की चॅटजीपीटीकडून घेतलायस, ते नंतर बघू. पडद्यावर काय उमटणार आहे ते आधी वहीत. पेनानं. पेन्सिल नको, पेन्सिलीचं खोडता येतं.

तू पाठवलेलाच प्रोग्राम घे. दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा. तू मॅक्सला, म्हणजे मोठा आकडा ठेवायच्या खान्याला, सुरुवातीला शून्य दिलंयस, मग फॉर लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांत, एकेक आकडा बघत गेलीस आणि मोठा दिसला की तो मॅक्समध्ये टाकलास. ७, १२, ५ दिले, १२ आलं. सरांनी जर्नलवर सही केली. झालं.

आता सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी घे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेलेली. ते आकडे दिलेस तर तुझा प्रोग्राम बरोबर बोलेल, कारण त्यात शून्याखालचं काही नाही. पण पूर ओसरत असताना कालच्यापेक्षा आज किती, असा रोजचा फरक घेतलास तर? समजा चार दिवसांचे फरक आले उणे २, उणे १, उणे ४, उणे ३. यातला मोठा कोणता? उणे १. तुझा प्रोग्राम म्हणणार, शून्य. जो आकडा यादीत कुठंच नाही तो उत्तर म्हणून पुढं येणार. म्हणजे एक दिवस पाणी जागचं हललंच नाही!

आता खरं सांग. पडद्यावर शून्य दिसल्यावर तू काय केलं असतंस? मान हलवून पुढच्या प्रोग्रामला लागली असतीस. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, शंका यायला कारणच नाही. वहीत आधी 'उणे १' लिहिलेलं असतं तर तिथंच ठेच लागली असती. मग कळलं असतं की सुरुवात शून्यानं नाही, यादीतल्या पहिल्या आकड्यानं करायची, आणि ते जन्मात विसरली नसतीस. 'काहीच येत नाही' म्हणतेस ते याच्यामुळंच. तू उत्तर बघतेस, उत्तराची वाट बघत नाहीस.

मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातल्या दिवाणजींनी शिकवलं, आणि त्या माणसाला कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. नव्वदच्या दशकाचा शेवट, हळदीचे सौदे जोरात. मी फॉक्सप्रो या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, काढायचा प्रोग्राम बसवून दिलेला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किरकिर करत कागद बाहेर ढकलायचा, तोवर दिवाणजी वजनाच्या चिठ्ठीमागं बॉलपेननं आपली बेरीज मांडून बसलेले असायचे. पट्टी फाडली की आधी स्वतःचा आकडा बघायचे, मग माझा. मला तेव्हा राग यायचा. मशीनवर विश्वास नाही तर मशीन घेतलं कशाला?

एके दिवशी एक पैसा जुळेना. त्याचं गणित तुला सोपं करून सांगते. समजा तीन लॉटचा खर्च प्रत्येकी १२.३४६ रुपये निघाला. पट्टीवर दोनच दशांश छापायचे, म्हणून प्रत्येक ओळीत १२.३५ आलं. छापलेल्या तीन ओळी मिळवल्या तर ३७.०५. पण मशीननं आधी खरी बेरीज केली, ३७.०३८, आणि मग ती छापली ३७.०४. वरच्या ओळी एक सांगतात, खालची एकूण दुसरं. यात मशीन चुकलेलं नव्हतं आणि दिवाणजीही नाहीत. पैसा ओळीत मोडायचा, म्हणजे दोन दशांशांपुढचा भाग तिथंच गोळा करून टाकायचा, की बेरजेत, हे मालकानं कधी ठरवलंच नव्हतं. दिवाणजी म्हणाले, "ताई, एका पैशाचं काय नाही. पण शेतकरी घरी जाऊन पोराकडून बेरीज करून घेतो."

त्या दिवसापासून पैशाचा हिशेब मी दशांशात ठेवत नाही. सगळं पैशांत, पूर्णांकात, आणि कुठल्या ओळीला मोडायचं ते आधी मालकाकडून वदवून घेते. का, ते तूच बघ. पायथन उघड आणि ०.१ + ०.२ टाक. थांब! आधी वहीत. तू ०.३ लिहिशील, पडद्यावर येईल ०.३०००००००००००००००४. बिघडलेलं काही नाही. एक दशांश हा आकडा बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, पुरा लिहिताच येत नाही, मशीन त्याच्या अगदी जवळचा आकडा धरून चालतं. सर तुला फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे मशीन दशांश आकडे कसे ठेवतं त्याचा, अख्खा धडा शिकवतील, परीक्षेत चार मार्कांना येईल. पण आधी ०.३ लिहून बसलेल्या पोरीला तो धडा वेगळा ऐकू येतो.

आणखी एक, आपल्याच गावाचं. 'सांगली' या शब्दाची लांबी किती? तू म्हणशील तीन, सां-ग-ली. पायथन ६ सांगतो, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी त्याच्या लेखी वेगवेगळी चिन्हं आहेत. तोच शब्द यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ठेवून सी भाषेतल्या स्ट्रलेनला, म्हणजे लांबी मोजणाऱ्या फंक्शनला, विचारलंस तर १८, कारण तिथं बाइट मोजले जातात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. आता 'मिरज' तू कर. तीनच अक्षरं, पण पायथन किती म्हणेल आणि सी किती? मी सांगणार नाही. शब्द उलटा करून छापायचा प्रोग्राम तुमच्या प्रॅक्टिकलला असतो ना, त्याला 'सांगली' दे, आणि ती वेलांटी कुठं जाऊन लोंबकळेल ते आधी लिही.

आता चॅटजीपीटीचं. तुझ्या वर्गात सगळेच वापरतात, तूही वापरतेस, मीही वापरते. त्यावर प्रवचन देणार नाही. पण 'सगळं तेच लिहिणार असेल तर आम्ही शिकायचं कशाला' असं म्हणालीस, त्याचा मला राग आला. अगं, ते लिहून देणार म्हणूनच तुला आधी उत्तर माहीत हवं! स्वतः लिहिताना निदान चार ठिकाणी अडखळून डोकं चालायचं, आता तेही नाही. देखणा कोड समोर येतो, वर कॉमेंटसुद्धा असतात, आणि चालतोही. तुझा मॅक्सवाला प्रोग्रामही चालतच होता की.

चालतंय म्हणजे बरोबर आहे, या समजुतीनं मोठमोठ्यांना फसवलंय. बायनरी सर्च तुला पुढच्या सेमिस्टरला येईल. दहा ओळींचा प्रोग्राम, चढत्या क्रमानं लावलेल्या यादीतला मधला आकडा बघायचा आणि अर्धी यादी टाकून द्यायची. तो पहिल्यांदा छापला गेला १९४६ मध्ये, आणि कितीही लांबीच्या यादीवर बरोबर चालणारा छापला जायला १९६० उजाडलं. पुढं जावा या भाषेच्या लायब्ररीतला बायनरी सर्च वर्षानुवर्षं जगभर चालत होता, आणि तो ज्यांनी लिहिला त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये त्यातली चूक जाहीर केली. यादीची खालची हद्द लो आणि वरची हाय, त्या मिळवून मधली जागा काढायला दोननं भागायचं, एवढ्याच ओळीत ती होती. इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या खान्यात, मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. यादी सुमारे १०७ कोटींच्या पुढं गेली की ती बेरीज या आकड्यावरून ओसंडते आणि उणे होते. वाचताना ओळ निर्मळ दिसते. मोठे आकडे घालून कागदावर ती बेरीज मांडली तरच दिसतं.

कागदावर काय करायचं, असं मैत्रिणी हसतील. हसू देत. एडा लव्हलेस या इंग्रज बाईनं १८४३ मध्ये बर्नुली संख्या नावाचे गणितातले आकडे काढण्याचा तक्ता छापला, कुठल्या पायरीला कुठल्या खान्यात काय असेल असा. ज्या यंत्रासाठी तो मांडला ते यंत्र कधी पुरं झालंच नाही. दाबायला एंटरच नव्हतं, होता तो नुसता कागद. त्या तक्त्यात एक भागाकार उलटा पडलाय, आणि तोही लोकांनी शोधून काढला, कारण प्रत्येक पायरी लिहिलेली होती. परीक्षेत ट्रेस टेबल करायला लावतात तेव्हा कुरकुरता ना, ते हेच.

तू विचारलं नाहीस, पण बोलतेच. माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणी पुण्याला गेल्या, तिथून काही परदेशी. लग्नकार्यात भेटल्या की एखादी हमखास विचारते, "अजून मार्केट यार्डातच का?" होय, मार्केट यार्डातच. हळद, गूळ, बेदाणा, जे येईल त्याच्या पट्ट्या. पुरात दुकानांतल्या मशीनमध्ये पाणी शिरलं तेव्हा माझ्या बॅकअपवरून लोकांनी उधाऱ्या जुळवल्या, आणि माझ्या पट्टीवर पैशाचा वाद झाला म्हणून कुणी माझ्या दारात आलं नाही. हे काम लहान आहे असं मला कुणी सांगू नये. हळहळ आहे ती दुसरीच. इतक्या वर्षांत माझा कोड कुणी वाचलाच नाही. बसवला, चालला, पैसे मिळाले. 'बाई, ही ओळ अशी का?' असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं. पुण्याला गेलेल्यांना पगारापेक्षा ते जास्त मिळालं असं मला वाटतं, आणि त्याचा हेवा वाटतो. असो. विषय तुझा आहे.

म्हणून एक कर. वर्गातली एक मैत्रीण धर. हुशारच हवी असं नाही, भांडणारी हवी. तिचा प्रोग्राम तू वाचायचास, तुझा तिनं, आणि दोघींनी आपापल्या वहीत आउटपुट लिहायचं. उत्तरं वेगळी आली की वाद घालायचा. पोट भरून वाद झाला की मगच एंटर. ओरलला एक्स्टर्नल जे विचारतो त्याची तयारी यातच होऊन जाते, वेगळे प्रश्न पाठ करायला लागत नाहीत.

वेळ नाही हे मला सांगू नकोस. घरी लॅपटॉप नाही, लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसता, सगळं मान्य. मी जे सांगतेय त्याला मशीन लागतंच कुठं? गाडीत खिडकी मिळाली की वही काढ. रस्ता खराब, अक्षर वाकडं येईल, येऊ दे. टिपणं मराठीत लिहिलीस तरी चालेल, फक्त लिही. आणि एरर आली की मेसेज न वाचता कोड बदलत सुटायची सवय आजपासून बंद. कितव्या ओळीत आहे ते तिथं लिहिलेलं असतं. इंग्रजी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, तेच पंधरा-वीस शब्द पुन्हा पुन्हा येतात.

या आठवड्याचं काम. १२, १९, २७, ३३, ४१, ५८, ६४ या यादीत ४० शोधायचाय, बायनरी सर्चनं. तो यादीत नाही हे तुला दिसतंयच, पण मशीनला ते कळायला किती आकडे बघावे लागतील? प्रत्येक पायरीला लो किती, हाय किती, मिड किती, तीन रकाने पाड आणि भर. कुठं थांबेल आणि का थांबेल, तेही लिही. मग ६५ शोध. मग १२. रविवारी दुपारी घरी ये, फक्त वही घेऊन. खाडाखोड असेल तर उत्तम, कोरी स्वच्छ वही आणलीस तर चहा मिळणार नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम

ता. क. सी शिकू की पायथन, हे विचारलं होतंस ते राहिलंच. सी १९७२ च्या सुमाराची, पायथन १९९१ चा. दोन्ही तुझ्याहून म्हातारे आहेत आणि पळून चाललेले नाहीत. कॉलेजात सध्या सी आहे ना? मग सी.