रोल्फिंगची दहा सत्रं एकदम घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की वय ३८, न्यू जर्सीत आयटीतली नोकरी, दोन वर्षांपासून कंबर आणि मान धरलेली. एमआरआयमध्ये कमरेची एक डिस्क, म्हणजे मणक्यांमधली गादी, थोडी फुगलेली दिसली. फिजिओथेरपी तीन आठवड्यांत सोडली. रोज आयबुप्रोफेन चालू आहे, अधूनमधून पायाला मुंग्या येतात. आणि आता जवळचा एक रोल्फिंगवाला, म्हणजे हातांनी खोल दाब देऊन उपचार करणारा, ‘शरीर सरळ करून देतो’ म्हणतोय, दहा सत्रांचे १,८०० डॉलर आगाऊ, सवलत महिनाअखेरीपर्यंत.

मी ही दहाही सत्रं घेतली आहेत, आणि माझं दुखणं खरोखर पुष्कळ कमी झालं. तरीही दहाचे पैसे आगाऊ भरू नका. का, ते सविस्तर सांगते.

मी डेन्व्हरजवळ फार्मसिस्ट आहे. दिवसाचे नऊ-दहा तास काउंटरमागे उभी. गोळ्या मोजायचा ट्रे समोर, स्पॅच्युलाने पाच-पाच गोळ्या बाजूला सारायच्या, खांद्याने फोन कानाशी दाबून धरायचा. चार वर्षांत उजव्या खांद्यापासून कवटीच्या पायथ्यापर्यंत दोरी ताणल्यासारखं व्हायला लागलं. रात्री कुशीवर वळताना जाग यायची. घरात मुलाला उचलायची भीती वाटायची, आणि तेव्हा तो दोनच वर्षांचा होता. दुखण्यापेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटायचं.

रोल्फिंगचं गाव इथून तासाभराच्या आत आहे. आयडा रोल्फ (१८९६–१९७९) या न्यूयॉर्कच्या बाई. १९२० साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून जैवरसायनात पीएचडी केली, रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन केलं. त्या काळात एका बाईने हे करणं किती अवघड असेल! पुढे ऑस्टिओपॅथी आणि योगासनांचा अभ्यास करत त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. त्यांनी दिलेलं नाव ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’, लोक मात्र रोल्फिंगच म्हणू लागले. साठच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसलेन या आत्मविकासाच्या केंद्रात या पद्धतीचा बोलबाला झाला, आणि १९७१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला संस्था उभी राहिली. म्हणून आमच्याकडे रोल्फिंगवाले बरेच आहेत.

कल्पना अशी. चिकन साफ करताना मांसावर पातळ, चकचकीत पांढरा पापुद्रा दिसतो ना, तसं आवरण आपल्या प्रत्येक स्नायूभोवती असतं. त्याला फॅशिआ म्हणतात. रोल्फबाईंचं म्हणणं होतं की चुकीच्या सवयींनी, मारामुळे, वयानं हे आवरण आखडतं आणि शरीर उभ्या रेषेतून ढळतं. हातांनी दाब देऊन ते सैल केलं तर गुरुत्वाकर्षणच शरीराला आधार देऊ लागतं. सत्रं दहा, आणि प्रत्येकाचा विषय ठरलेला. पहिल्यात बरगड्या आणि श्वास, दुसऱ्यात पावलं आणि पोटऱ्या, पाचव्यात पोट, सातव्यात मान आणि जबडा, शेवटच्या तिनात सगळ्याची जुळवाजुळव.

आपल्या मालिशीशी याची तुलना करू नका. कराडला माझ्या बाळंतपणात अंग चोळायला मावशी यायच्या. कोमट तेल, सपासप हात आणि शेवटी कढत पाणी. इथे तेल जवळजवळ नसतंच, कारण घसरणारा हात धरून ठेवू शकत नाही. बोटांची पेरं, मूठ, कोपर एका जागी टेकवतात आणि फार हळू पुढे सरकवतात, आणि तुम्हाला सांगतात, आता टाच लांब कर, आता गुडघा वळव. तुम्ही नुसतं पडून राहायचं नसतं. सातव्या सत्रात हातमोजे घालून तोंडाच्या आत, गालाच्या बाजूने जबड्याचा स्नायू दाबतात. मला आधी विचारलं होतं, तरी मी दचकले. त्या रात्री मात्र मी दात न आवळता झोपले, आणि सकाळी उठून ते लक्षात आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

माझी सुरुवात वाईट होती. ज्यांच्याकडे आधी गेले ते गृहस्थ ‘दुखतंय म्हणजेच काम होतंय’ म्हणायचे. दुसऱ्या सत्रानंतर मांडीवर काळे-निळे डाग उठले, मी ते थांबवलं. रोल्फिंग म्हणजे कळवळायला लावणारं, ही ख्याती जुनी आहे, पण आता बहुतेक चांगले लोक तसं करत नाहीत. कोणी दुखण्याचं कौतुक करत असेल तर तिथून उठून या.

नंतरच्या बाई साठीच्या पुढच्या. एका सत्राचे दीडशे डॉलर. चौथ्या वेळी त्यांनी मला टेबलावर झोपवलंच नाही. खिशातली नाणी टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, कामावर गोळ्या कशा मोजता ते दाखवा. मी मोजू लागले. पाच, दहा, पंधरा. त्यांनी फक्त बोट ठेवून दाखवलं: सगळं वजन उजव्या पायावर, डावा गुडघा मागे अडकवलेला, जीभ टाळूला चिकटलेली, श्वास बंद. तीस नाणी मोजेपर्यंत मी एकदाही श्वास सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी ट्रेखाली रिकामं खोकं उलटं ठेवलं, सहा-सात इंच उंची वाढली. फोनसाठी हेडसेट मागितला. आठवड्याभरात खांद्यातली दोरी निम्मी सैल झाली.

आता तुम्हीच विचार करा, यातलं काय फॅशिआ सैल झाल्याने झालं आणि काय खोक्याने? मला नाही वाटत की हे वेगळं काढता येईल. पण जे अभ्यास झालेत ते मी वाचले आहेत, ते तुम्हाला माहीत असायला हवेत.

२००८ साली एका गटाने गणिती मॉडेल मांडून पाहिलं की हाताच्या दाबाने फॅशिआचा आकार बदलतो का. मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा जाड फॅशिआ एक टक्का दाबायलाही शरीराला साधारण झेपणारं नाही एवढं बल लागतं, असं त्यात निघालं. त्या निबंधाच्या लेखकांत रॉबर्ट श्लाइप हे जर्मन संशोधक होते, जे स्वतः रोल्फिंग करणारे. आपल्याच पंथाचं मूळ गृहीतक तपासून बघण्याची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. त्यामुळे ‘तुमचा आखडलेला फॅशिआ मी वितळवतो’ असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आवरणात मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात. सावकाश दाबाने त्यांच्यामार्फत स्नायूंचा ताण उतरत असावा, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. तसं असेल तर तो परिणाम टिकवायला रोजची हालचाल लागणार, हे ओघानं आलंच.

दुखण्यावरचा पुरावा तुटपुंजा आहे. कंबरदुखीच्या ४६ रुग्णांवर २०१५ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या फिजिओला रोल्फिंगची जोड दिली, तर रोजच्या कामांतली अडचण थोडी जास्त कमी झाली. दुखण्याच्या मोजमापातला फरक मात्र नक्की म्हणता येईल एवढा निघाला नाही. माझी मामेबहीण मेलबर्नला असते. तिकडे सरकारने पुरावे तपासून १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून ज्या उपचारांचे पैसे बंद केले, त्या यादीत रोल्फिंग होतं. अर्थात त्याच यादीत योगही होता, त्यामुळे ‘यादीत आहे म्हणजे निरुपयोगी’ असं मी म्हणणार नाही. पुरावा पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या एमआरआयबद्दल. ‘डिस्क फुगली’ हे शब्द वाचून माणूस घाबरतो, हे मी काउंटरवर रोज बघते. पण काहीही न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्येच झाला आहे. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे चित्रात दिसलं तेच दुखतंय असं धरून चालू नका. पोश्चरचंही तसंच. वाकून बसणारे कित्येक लोक ठणठणीत असतात. ‘शरीर सरळ करून देतो’ या आश्वासनाला मी म्हणूनच भीत असते. सत्रांच्या आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवतात ना, माझेही आहेत; दुसऱ्या फोटोत मी उंच दिसते, पण कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं हे तोवर मला कळलेलं होतं.

आता जे माझं काम आहे ते. आयबुप्रोफेनच्या डब्यावरच छापलेलं असतं की दुखण्यासाठी दहा दिवसांहून जास्त घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारा. तुम्ही महिनोन्महिने घेताय. पोटाला व्रण आणि मूत्रपिंडावर ताण, दोन्ही होऊ शकतं आणि दोन्ही सुरुवातीला गुपचूप होतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखी सांभाळा. हे मी घाबरवायला लिहीत नाही, पण माझ्या भावाने लिहिलं असतं तर त्यालाही हेच सांगितलं असतं. रक्त पातळ करणारं औषध, बरेच दिवस स्टिरॉइड, हाडं ठिसूळ किंवा पायात रक्ताची गाठ असेल तर खोल दाबाचं काहीही करून घेऊ नका.

फिजिओ पुन्हा धरा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक सूचना जुनाट कंबरदुखीसाठी आधी औषधाशिवायचे उपाय सांगते: व्यायाम, योग, ताई ची, ध्यान, अ‍ॅक्युपंक्चर वगैरे. तीन आठवडे म्हणजे काहीच नाही, माझ्या पाठीचे स्नायू जागे व्हायला तीन महिने लागले. रोल्फिंग झाल्यावर मी वर्षभर चालणं सोडलं आणि खांदा परत बोलू लागला. आता रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं चालते, आठवड्यातून दोनदा रबराच्या पट्टीने खांद्याचे व्यायाम करते, आणि सहा महिन्यांतून एकदा त्या बाईंकडे जाते. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, हट्ट केला तर पाठुंगळी घेते.

तरी तुम्हाला रोल्फिंग करून बघायचं असेल तर जरूर बघा, फक्त तीनच सत्रं ठरवा आणि प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी द्या. आधी एक वही करा: रात्री किती वेळा जाग येते, किती मिनिटं सलग बसता येतं, बुटाची नाडी बांधताना काय होतं. तिसऱ्या सत्रानंतर दोन आठवड्यांनी तेच परत लिहा. काही हललं नसेल तर थांबा, वाईट वाटून घेऊ नका. माणूस निवडताना प्रशिक्षण कुठे घेतलं आणि राज्याचा मसाजचा परवाना आहे का, ते विचारा. तुम्ही रोज काम करताना कसे बसता हे त्याने विचारलंच नाही, तर तो माणूस तुमच्यासाठी नव्हे.

पायाच्या मुंग्या गुडघ्याच्या खाली उतरतात का, पाऊल उचलताना जड वाटतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी डॉक्टरांना ते दाखवा. आणि लघवीचा ताबा सुटल्यासारखं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिर वाटलं तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा. पॅकेजची सवलत महिनाअखेरीला जात असेल तर जाऊ द्या.