मागच्या विंडो अंधुक करणाऱ्या सॉफ्टवेअरने कामात खरंच लक्ष लागतं का, की ते नुसतं मनाचं समाधान? कोणतं घ्यावं?

लागतं. पण ते "मनाचं समाधान" मला झोंबलं. हेच वाक्य सांगलीत एका माणसाकडून मी कितीतरी दिवस ऐकतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मी डीटीपी करतो, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावतो. लग्नपत्रिका, हँडबिलं वर्षभर असतात, पण खरी धांदल ऑगस्ट-सप्टेंबरात. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून पतसंस्था, सोसायट्या, दूध संस्था, सगळ्यांचे अहवाल एकदम अंगावर येतात. ताळेबंद एक्सेलमध्ये, चेअरमनसाहेबांचं मनोगत वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर, संचालकांचे फोटो तिसऱ्याच माणसाच्या मेलवर. पडद्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब सारखं हलत असतं: फोटो बदला, अमक्यांच्या नावाआधी "मा." राहिलं. ("मा." राहिलं तर अहवाल परत येतो. ताळेबंदात आकडा चुकला तर पुढच्या वर्षीपर्यंत कुणाला पत्ता नसतो.)

अशाच एका मोसमात मी ले डिमर टाकलं. विंडोजसाठी आहे, छोटं आहे, फुकट आहे. ज्या विंडोत तुम्ही काम करताय तिच्या बरोबर मागे ते एक अर्धपारदर्शक काळा पडदा सोडतं. बंद काहीच होत नाही, फक्त बाकीचं सगळं काळोखात जातं. दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं की ती उजळते आणि पहिली विझते. मागे काही हललं तरी डोळा तिकडे पूर्वीसारखा ओढला जात नाही. मला पहिल्याच दिवशी फरक कळला.

प्रेसचे मालक शेजारीच बसतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हातानं जुळवायच्या काळातले पक्के कंपोझिटर. त्यांनी माझ्या पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मॉनिटर गेला काय रं?" मी समजावून सांगितलं. त्यावर म्हणाले, "म्हणजे तुझं मन थाऱ्यावर नाही म्हणून कॉम्प्युटरला टांग्याच्या घोड्यासारखी झापडं बांधलीस. आम्ही दिवस दिवस उभं राहून खिळे जुळवले, आम्हाला कुणी बांधली नव्हती." बाइंडर हसला, बिल द्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. तेव्हापासून जो येईल त्याला हे "मनाचं समाधान" दाखवायचा कार्यक्रम चालू आहे.

आता अण्णांसमोर जे तोंडावर बोलता येत नाही ते इथं लिहितो. जुन्या प्रेसमध्ये त्यांची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, भिंतीकडे तोंड करून लावलेली होती. रस्ता पाठीमागे. ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, वेगळ्या खोलीत. प्रूफ वाचायला दोघं बसायचे, एक मोठ्यानं वाचणार, दुसरा ताडून बघणार, आणि तेवढा वेळ दाराला आतून कडी. हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, अभिमानानं सांगतात. मग ही झापडं नव्हेत तर काय होतं? कंपोझिटरच्या हातात खिळ्यांची ओळ धरायची स्टिक, समोर केस, आणि केसमधला खिळा कधी उडी मारून "साहेबांचा फोटो बदला" म्हणत नव्हता. त्यांना भिंत होती. माझी भिंतच काचेची आहे आणि गिऱ्हाईक तिच्यातूनच आत येतं. मनोनिग्रह दोघांचाही तेवढाच.

ग्लोरिया मार्क नावाच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्राध्यापक बाईंनी माणूस एका पडद्यावर किती वेळ टिकतो ते मोजलंय. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं, अलीकडे ४७ सेकंद. तेव्हा हा माझ्या एकट्याच्या संस्कारांचा प्रश्न नाही. पण त्यांनीच असंही दाखवलंय की कामातले निम्म्याच्या आसपास व्यत्यय माणूस स्वतःच ओढवून घेतो, बाहेरून कुणी हाक मारलेली नसते. तिथं अंधुक पडदा फारसा कामाचा नाही.

आमच्याकडे याचं उदाहरण दर पावसाळ्यात असतं. अहवालांचे दिवस आणि कृष्णेच्या पाण्याचे दिवस एकच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या कागदाच्या रिमांचा लगदा झाला होता. वर कोयना धरणातून किती क्युसेक सोडले, खाली अलमट्टी धरणातून पुढे किती जातंय, ही विंडो कितीही काळी करा, दहा मिनिटांनी हात तिच्यावर जाणारच. आणि जावाच. ते लक्ष विचलित होणं नव्हे, खालच्या फळीवरचा कागद वर कधी चढवायचा हे त्यावर ठरतं. अण्णांचं यावरही म्हणणं आहे: पाणी बघायला कॉम्प्युटर कशाला, सरकारी घाटावर जाऊन ये. जाऊन आलो तर अर्धा तास गेला, आणि वर "कुठं उलथला होतास" हेही ऐकायचं.

तुम्ही विंडोज वापरता की मॅक ते लिहिलं नाहीत. मॅक असेल तर हेझओव्हर घ्या, विकतचं आहे, पण अंधार किती ठेवायचा ते पट्टी सरकवून ठरवता येतं. लिनक्सवर केडीई असेल तर काही टाकायलाच नको, डेस्कटॉप इफेक्टमध्ये निष्क्रिय विंडो अंधुक करायची सोय आधीच आहे. आणि काहीच टाकायचं नसेल तर विंडोजमध्ये विंडोज आणि होम ही बटणं एकदम दाबा, चालू विंडो सोडून बाकी सगळ्या खाली जातात. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एच दाबा, बाकीच्या अ‍ॅपच्या विंडो लपतात.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एका विंडोत बघून दुसरीत टाइप करायचं काम असेल, म्हणजे ताळेबंदासारखं, तर हे सॉफ्टवेअर डोक्याला ताप आहे. ज्यातून वाचायचं तेच अंधुक होतं आणि फोटोतला १ की ९ ते कळेनासं होतं. तेवढ्यापुरतं मी बंद करतो. रंगाचं काम, कव्हर वगैरे करतानाही बंदच ठेवा. मूळ फोटो मागच्या विंडोत काळवंडलेला असतो, त्याच्याशी जुळवून रंग लावले तर छापून आल्यावर चेअरमनसाहेब काविळीतून उठल्यासारखे दिसतात, आणि मग सॉफ्टवेअरचा दोष कुणी ऐकून घेत नाही.

तुमच्या ऑफिसात कुणी अण्णा असतील तर त्यांच्या टेबलाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते एकदा बघून घ्या.