सूत्रातून घडलेले शिल्प कोणाचे?

प्रश्न : मी अनेक वर्षे शाडू, प्लास्टर आणि लाकडात काम करतो. अलीकडे एका प्रदर्शनात गणिती सूत्रावरून संगणकावर तयार केलेली आणि थ्री-डी प्रिंटरवर छापलेली शिल्पे पाहिली. ती देखणी होती, हे मान्य आहे. परंतु आकार सूत्राने दिला आणि यंत्राने घडवला, तर शिल्पकाराने केले काय?
— एक शिल्पकार, कोल्हापूर

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला ब्रेंट कॉलिन्स आणि कार्लो सेकां या जोडीच्या कामात सर्वांत स्पष्टपणे सापडते. कॉलिन्स हे अमेरिकेतील मिसुरी राज्यातले लाकूड कोरणारे शिल्पकार. गणिताचे औपचारिक शिक्षण नसतानाही ते केवळ नजरेच्या आणि हाताच्या बळावर असे आकार कोरत होते, ज्यांत एका खोगिरातून दुसरे खोगीर निघते आणि मधून आरपार बोगदे जातात. खोगिराचा हा आकार समजण्यासाठी सह्याद्रीतली एखादी खिंड डोळ्यांसमोर आणा : वाटेने चालणाऱ्याला ती चढाचा माथा वाटते, तर दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून पाहणाऱ्याला तीच जागा सर्वांत खोल दिसते. पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर हे दोन उलट बाक एकमेकांना नेमके तोलून धरतात, तेव्हा गणितात त्याला न्यूनतम पृष्ठ म्हणतात. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून काढल्यावर तिच्यावर ताणला जाणारा पापुद्रा हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. कॉलिन्स यांच्या हातून उतरलेले आकार अशाच एका पृष्ठाच्या फार जवळचे होते, आणि ते पृष्ठ हाइनरिख शेर्क या जर्मन गणितज्ञाने 1830च्या दशकातच शोधलेले होते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या सेकां यांनी 1990च्या दशकात त्या शिल्पांची छायाचित्रे पाहिली आणि ते नाते ओळखले. कॉलिन्स यांच्या एका शिल्पात शेर्कच्या पृष्ठाचा सहा मजली मनोरा, म्हणजे एकावर एक रचलेली सहा खोगिरे, वाकवून त्याचे कडे केलेले होते. सेकां यांनी विचारले, सहाऐवजी सात मजले घेतले तर? मजल्यांची दिशा आलटून पालटून बदलत असल्याने विषम संख्येत मनोऱ्याची दोन टोके सरळ जुळत नाहीत. त्याला 90 अंशांचा पीळ द्यावा लागतो. तो दिला की पृष्ठाला आत आणि बाहेर असा भेदच उरत नाही, आणि मनोऱ्याच्या चारही कडा एकमेकींत मिळून एकच अखंड कड होते. एका साध्या प्रश्नातून निघालेली ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

पुढे सेकां यांनी खास यासाठी एक संगणक-प्रणाली लिहिली. मजले किती, खोगिराला फाटे किती, पीळ किती, जाडी किती, हे आकडे बदलले की पडद्यावर नवा आकार उभा राहतो. पटाशी हाती घेण्यापूर्वी असे कितीतरी आकार फिरवून पाहता येतात. लाकडात तेवढे प्रयोग करायला एक जन्म पुरला नसता. मात्र त्यांतला कोणता घडवण्याजोगा, हे सूत्र सांगत नाही. निवड झाली की प्रणाली एकेका फळीच्या जाडीइतक्या अंतरावरचे छेद पूर्ण मापात छापून देई; कॉलिन्स त्याबरहुकूम फळ्या कापून, एकावर एक चिकटवून, पायऱ्यापायऱ्यांचा तो ओबडधोबड गठ्ठा घासत घासत गुळगुळीत करीत.

आपल्या प्रश्नाचा गाभा मला जाडीत दिसतो. गणिती पृष्ठाला जाडी नसतेच. ती द्यावी किती, कडेला निमुळती करावी की गोलसर, लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने जावेत, प्रकाश बोगद्यातून कसा वाकावा, ही सगळी शिल्पकाराची कामे आहेत आणि ती शाडूत काम करणाऱ्या आपल्याला माझ्याहून अधिक कळतात. प्रदर्शनातले एखादे शिल्प आपल्याला कोरडे वाटले असेल, तर हे निर्णय कोणी घेतलेच नव्हते, असा माझा कयास आहे. सूत्र जसेच्या तसे छापून ठेवणे म्हणजे शिल्प, असे मीही मानत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. महाविद्यालयात थ्री-डी प्रिंटर आहे. पहिला प्रयोग कोणता करू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जायरॉइड करा. ॲलन शोएन यांनी नासामध्ये काम करताना शोधलेले आणि 1970मध्ये प्रसिद्ध केलेले हे न्यूनतम पृष्ठ तिन्ही दिशांना अनंत पुनरावृत्त होते, अवकाशाचे एकमेकांना कधीही न मिळणारे दोन भुलभुलय्ये करते, आणि त्यात एकही सरळ रेषा नाही. त्याच्या फार जवळ जाणारे सूत्र छोटे आहे :

साइन क्ष · कोसाइन य + साइन य · कोसाइन झ + साइन झ · कोसाइन क्ष = 0

पायथॉन या संगणकभाषेत एका घनातल्या बिंदूंची त्रिमित जाळी घेऊन प्रत्येक ठिकाणी डावी बाजू मोजा. फक्त शून्य घेतले तर जाडीच मिळणार नाही आणि प्रिंटरला छापायला काही उरणार नाही. म्हणून उणे 0.3 ते अधिक 0.3 यांमधला भाग भरीव धरा. मार्चिंग क्यूब्ज ही 1987पासूनची पद्धत त्यावरून त्रिकोणांची जाळी करून देते. तिला कुठे भोक राहिलेले नाही ना, घनाच्या बाहेरच्या बाजू नीट बंद झाल्या आहेत ना, हे तपासूनच फाइल छपाईला द्या.

छापून झाल्यावर तो घन एका कोपऱ्याकडून समोरच्या विरुद्ध कोपऱ्याच्या दिशेने डोळ्यांसमोर धरा आणि खिडकीकडे पाहा. इतर बहुतेक दिशांनी गुंतागुंतीच्या वाटणाऱ्या त्या आकारातून सरळ आरपार जाणारे बोगदे दिसतील. मग आकडा 0.3वरून 0.6 करून दुसरा घन छापा, आणि तोच प्रकाश दोन्हींतून कसा वेगळा येतो ते पाहा.