वजन उतरलं, पण पळणंही बिघडलं

प्रश्न : वस्ताद, नमस्कार. मी २३ वर्षांचा, कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतोय. भावाच्या लग्नाआधी सिक्स पॅक काढायचे म्हणून भात-भाकरी सोडली. उकडलेलं चिकन, अंड्यातलं पांढरं आणि काकडी, बस. तीन महिन्यांत ७४ वरून ६५ किलोवर आलो. लग्नातले फोटो झकास आले. पण १६०० मीटरला आधी ५ मिनिटं ४० सेकंद लागायचे, आता ६.२० लागतात. रात्री झोप नाही, घरात सगळ्यांवर खेकसतो. जिममधला मित्र म्हणतो, आठ आठवडे इंजेक्शन घे, बॉडी पण राहील, ताकद पण येईल. घेऊ का?

उत्तर : घेऊ नकोस. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. असल्या इंजेक्शनात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन असतं. ते बाहेरून आलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, पुढं हृदयाची भिंतसुद्धा जाड होऊ शकते. कोर्स थांबवल्यावर सगळं जागेवर यायला कित्येकांचे महिनेच्या महिने जातात. तू २३ वर्षांचा आहेस रे, तुझ्या अंगात आज जेवढं आहे तेवढं परत कधी असणार नाही.

आता पळण्याचं. सोळाशे मीटर पळताना पायाला लागते ती स्नायूत साठवलेली साखर, आणि ती भरते भात-भाकरीनं. तू कणगीच रिकामी केलीस. नऊ किलोत चरबीबरोबर थोडा स्नायूही गेला असणार. झोप उडणं, चिडचिड, ही उपासमारीचीच लक्षणं. खेळाडू खर्चापेक्षा कमी खातो तेव्हा हाडांपासून हार्मोन्सपर्यंत काय काय बिघडतं, हे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली एकत्र मांडलंय.

मला हे अंगावरून गेलंय. १९८६ साली मी कुस्तीत ६८ किलोच्या गटात उतरायचो, अंगाचं वजन ७२. वजनकाट्याच्या आदल्या रात्री दोन स्वेटर घालून पळायचं, लिंबू चोखून डब्यात थुंकत बसायचं. एका लढतीत दुसऱ्याच मिनिटाला पोटरीत गोळा आला. समोरच्यानं पाय धरून पट काढला आणि मी आभाळ बघितलं. वजन बरोबर भरलं होतं, अंगात मात्र काही उरलं नव्हतं.

त्यानंतरची चूक मोठी. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, वर तूप, बदाम, आणि मेहनत शून्य. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तात साखर निघाली, म्हणजे मधुमेह. तालमीतले माझे कितीतरी जोडीदार असेच गेले, त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, भरती होईपर्यंत आरसा बाजूला ठेव. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. पोटाला एकही नाही. उद्यापासून दोन्ही वेळच्या जेवणात भाकरी किंवा भात परत आण. प्रथिनं दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास ठेव. त्यात अंडी बलकासकट, डाळ, उसळ, दूध, चिकन सगळं आलं. रविवारी घरात तांबडा-पांढरा रस्सा असला तर सगळ्यांबरोबर बस. वजन ६८-६९ वर सावकाश येऊ दे. आठवड्यात दोन दिवस वजनं उचलणं, तीन दिवस पळणं, एक दिवस पूर्ण आराम. जोर-बैठका मात्र आयुष्यभर सोडू नकोस. नोकरी लागल्यावर ड्यूटीनंतर वीस मिनिटांत होतात, जिमची फीसुद्धा लागत नाही. पोट थोडं झाकेल, झाकू दे.

महिन्याभरात झोप सुधारली नाही तर फिजिशियनला दाखव. सकाळी रिकाम्या पोटी हिमोग्लोबिन आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घे, लाजू नकोस. आणि तीन आठवड्यांनी १६०० ची वेळ मला कळव.