पातेलं अर्धंच भर

प्रिय मित्रा,

तुझी चिठ्ठी वाचली. बोट कलली आणि तू रांधलेलं दहा जणांचं कालवण फळीवर सांडलं, चौघं अर्धपोटी जाळं ओढायला उभे राहिले, आणि आता तू विचारतोस की मोठं पातेलं घेऊ का बोटीवरचं कामच सोडू. मोठं घे. पण अर्धंच भर.

हिशेब मांडून बघ. समज, पातेलं ३० सेंटिमीटर व्यासाचं, १८ सेंटिमीटर उंच. बोट २० अंश कलली की एका काठाला रस्सा साडेपाच सेंटिमीटर चढतो, ३० अंशांना जवळजवळ पावणेनऊ. अर्ध्या पातेल्यात वर नऊ सेंटिमीटर मोकळे असतात, म्हणजे जेमतेम निभावतं. तू पाऊण भरलंस. वर साडेचार उरले, ते २० अंशांनाच सांडणार होतं. त्यात तुझ्या हाताचा दोष नाही, तुझ्या मापाचा आहे. आणि हा झाला संथ कलण्याचा हिशेब. लाट आपटली की बसणारा हिसका यात धरलेलाच नाही. त्यासाठी झाकण हवं, तेही दोन्ही कानांना बांधलेलं.

शेगडी झुलती आहे म्हणून तिच्या भरवशावर राहू नकोस. ती आडवी झुलते, बोट डावी-उजवी कलली तरच सपाट राहते. समोरून लाट आली की तिचा काही उपयोग नाही. भांडं अडकवायच्या पट्ट्या घट्ट कर, आणि तरीही अर्धंच भर.

अर्ध्या पातेल्यात दहा माणसं कशी जेवणार, हे तू विचारणारच. अंगमेहनत करणाऱ्याला कच्चा तांदूळ दीडशे ग्रॅम धर. दहा जणांना दीड किलो, पाणी साधारण साडेतीन लिटर, शिजून होतो पाच-साडेपाच लिटर. वर हिशेबात धरलेलं पातेलं साधारण पावणेतेरा लिटरचं आहे. बसला ना निम्म्यात? डाळ आठशे ग्रॅम, दहा लिटरच्या कुकरमध्ये. डाळ फेसाळते, फेस वाफेच्या भोकात अडकतो, म्हणून कुकर बनवणारेही डाळीला निम्म्याच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे हा माझ्या एकट्याचा हट्ट नाही.

कालवण मात्र दाट कर. पातळ रस्सा भांड्यात हिंदकळतो, दाट जागेवर बसतो. बटाटे थोडे ठेचून त्यातच मिसळ. पोट भरायला पाणी वाढवू नकोस, तेल वाढव: एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, भातात असलेल्या पिठूळ भागात चारच. वरून ताटात घातलेलं चमचाभर तेल पातेल्यात जागा खात नाही. तळण मात्र हलत्या बोटीवर अजिबात नाही, कोणी कितीही मागो. कढईला मी अर्ध्याचीही सूट देणार नाही.

गोडं पाणी वाचवायचं म्हणून भातात समुद्राचं पाणी घालू नकोस. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि भात पाणी पितो तसं मीठही पितो. डाळ त्या पाण्यात लवकर शिजतच नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे दाणा कडक राहतो. बटाटे उकडायला एक भाग खारं, तीन भाग गोडं चालेल. पण किनाऱ्यापासून दूर असशील तेव्हाच. बंदरातल्या पाण्याला हातही लावू नकोस.

वारा वाढतोय असं दिसलं की भाताला पाच मिनिटं सणसणीत उकळी आण, झाकण न उघडता भांडं जाड घोंगडीत गुंडाळ आणि खाली, कोपऱ्यात पाचर मारून ठेव. पाऊण तासात भात होतो, आणि तेवढा वेळ शेगडीवर उकळतं भांडं नसतं. पाळीवरून उशिरा येणाऱ्यांचं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेव. तासन्‌तास कोमट राहिलेल्या भाताने अख्खी पाळी आडवी होते.

गॅसचं सांगायची गरज नसावी, पण सांगतो. तो हवेपेक्षा जड असतो, गळला की बोटीच्या तळाशी साचतो. स्वयंपाक झाला की आधी सिलिंडर बंद कर, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू दे, मग नॉब फिरव. सुरी फळीवर टाकून वळू नकोस. ताटांखाली ओलं फडकं पसर. भाजलं तर वीस मिनिटं गार पाण्याखाली हात धर, दोन मिनिटांत काढून घेऊ नकोस.

अर्धं-अर्धं भरलं की दोन पातेली घासावी लागतात, गॅस थोडा जास्त जातो, खलाशी टोमणे मारतात. मारू देत. मला त्यांच्यापैकी कोणाचं म्हणणं पटलेलं नाही आणि पटणारही नाही. चहाचे मगही अर्धेच भर. पुन्हा भरायला दोन खेपा होतील, कर.

पुढच्या चिठ्ठीत तुझ्या पातेल्याचा व्यास आणि उंची लिहून पाठव. मोजून लिही, अंदाजाने नको.