पहिलं रिलीज काढतोयस? आधी एवढं बघ

अरे मस्त, तुझ्या लायब्ररीचं (दुसऱ्यांनी वापरायच्या कोडचं) रिलीज काढच! व्हर्जन नंबर समज २.४.१, त्यात शेवटचा आकडा बगफिक्सचा, मधला नव्या फीचरचा, आणि लोकांचा जुना कोड मोडणार असेल तर पहिला वाढवायचा. नवखे हमखास चुकतात ते इथेच, मी पण एका फंक्शनचं नाव बदलून पॅच म्हणून, म्हणजे फक्त शेवटचा आकडा वाढवून, सोडलं आणि शुक्रवारी संध्याकाळी बाणेरहून मित्राचा फोन, बिल्ड फुटलं, म्हणजे त्याचा प्रोजेक्ट तयारच होईना म्हणून. आधी डेप्रिकेशन वॉर्निंग ('हे पुढे जाणार' अशी सूचना) दे, काढायचं ते पुढच्या मेजरला, म्हणजे पहिला आकडा वाढेल तेव्हा.

- सपोर्ट कधीपर्यंत ते रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) तारखेसकट लिही. जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ५.२ एप्रिल २०२५ ला आलं, सिक्युरिटी फिक्स एप्रिल २०२८ पर्यंत, पण त्यांची टीम मोठी आहे रे, तू एकटा, मागच्या मेजरला सहा महिने दिलेस तरी पुष्कळ.
- पब्लिश केलेला टॅग (गिटमध्ये त्या रिलीजच्या कोडवर लावलेली खूण) हलवू नकोस, चुकलं तर २.४.२ काढ.

एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), बॅकपोर्ट (नवा फिक्स जुन्या व्हर्जनला लावणं) वगैरे नंतर बोलू.