धावपट्टी पुरेशी असूनही विमान बाहेर का जातं?

तुम्ही विचारलंय, उतरण्याचा हिशोब उड्डाणाआधीच झालेला असतो, मग पावसात विमान धावपट्टीबाहेर जातंच कसं? मी फ्लाइट डिस्पॅचर आहे, म्हणजे उड्डाणाआधी इंधन, वजन, हवामान यांचा हिशोब जमिनीवर बसून मांडणारा, त्यामुळे हा हिशोब रोजचाच.

विमान बनवणारे थांबायचं अंतर मोजतात ते धावपट्टीच्या तोंडाशी ५० फूट उंचीवर असल्यापासून. तेही कोरड्या पट्टीवर, चाचणी वैमानिकाने करकचून ब्रेक मारून. समजा ते १,००० मीटर भरलं. आम्हाला तेवढी पट्टी चालत नाही. जेट विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबलं पाहिजे, म्हणजे पट्टी हवी १,६६७ मीटर. पावसाचा अंदाज असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, १,९१७.

ही शिल्लक उडते कशी ते बघा. ५० ऐवजी ६० फुटांवरून आलात, की जवळपास २०० फूट पट्टी मागे पडली. वेग १० टक्के जास्त, तर अंतर साधारण २० टक्के जास्त. शेपटीकडून वारा असेल तर विचारूच नका.

७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. पावसात पहिला प्रयत्न सोडून दुबईहून आलेलं बोइंग ७३७ विमान उलट्या दिशेने उतरायला आलं. आता १४ नॉटचा (ताशी साधारण २६ किलोमीटर) वारा पाठीशी. पट्टी ८,८५८ फूट, चाकं टेकली ४,४३८ फुटांवर. अर्धी पट्टी हवेतच संपली होती! २१ माणसं गेली. पट्टीची लांबी सगळे विचारतात. मी आधी विचारतो, टेकलं कुठे?

त्यात ओल्या पट्टीवर टायर पाण्यावर तरंगतो. हवेचा दाब २०० पीएसआय असलेल्या टायरला हे साधारण १२७ नॉटच्या पुढे होऊ शकतं, आणि ७३७ टेकतं त्याच्याच आसपास किंवा जास्त वेगाने. म्हणून पावसात वैमानिक मुद्दाम धप्पकन टेकवतात, पाण्याचा थर फुटावा म्हणून. आमच्या मावशीला अजून वाटतं की असं टेकवणाऱ्या पायलटला जमलंच नाही.

टेकायची जागा चुकतेय असं दिसलं तर पुन्हा वर जायचं, पण त्यासाठी टाकीत इंधन हवं. इथेच आमची गोची. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, म्हणजे थांबायला जास्त अंतर. तरी जुलैत मुंबईसाठी कॅप्टनचा फोन येतो, "अजून वीस मिनिटांचं टाका," तेव्हा मी हुज्जत घालत नाही. हिशोब पुन्हा मांडतो, बसला तर टाकतो, नाही बसला तर सामान उतरवतो.